रेडी आणि तिचा रेडा

यावर तुमचा विश्वास बसणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. माझा स्वतःचा बसायला बरीच वर्षं लागली, आणि मी तर छत्र्या विकणाऱ्यानं पाऊस येणार म्हटलं तरी वर न बघता छत्री घेणारा माणूस. कॅशियरबाई, तुम्ही तर मुळीच ठेवू नका. तुम्ही नोटसुद्धा उजेडात धरून बघणाऱ्या. पण तुमची गाडी लिफ्टवर चढलीय, या शिंपीदादांच्या व्हॅनचा सायलेन्सर तिथे जमिनीवर लोळतोय, आणि गॅरेजच्या बाकावर बसून भिंतीवरची टायरची जाहिरात माणसानं वाचायची तरी किती वेळा. तेव्हा ऐका.

एक घरजावई होता. हसू नका शिंपीदादा, अजून हसण्यासारखं काही सांगितलेलं नाही. तो एका कंपनीची बस चालवायचा. कंपनीला एका सकाळी कुलूप लागलं, आणि बायको म्हणाली, "चार दिवस माझ्या आईकडे राहू." आता चार दिवस म्हणजे नेमके किती, हे आपल्या भाषेनं आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. जावयाच्या त्या चार दिवसांत त्याच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले.

त्यांना स्वयंपाकघरामागची सामानाची खोली मिळाली. वर फळ्या, फळ्यांवर बरण्या, खाली एक खाट. खाट दाराला अडायची, म्हणून दार निम्मंच उघडायचं आणि आत शिरताना अंग आडवं करावं लागायचं. पहिल्या वर्षी जावई आडवा होऊन आत जायचा. नंतर त्याच्यात आडवं करण्याइतकं अंगच उरलं नाही, तो सरळ जायला लागला.

सासरे वजन-मापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर दुसऱ्याच्या तराजूतली खोट काढली होती, आणि ती सवय पेन्शनीत निघाली नाही. जेवणाच्या टेबलावर जावयानं दुसऱ्यांदा हात पुढे केला की सासरे वाटीकडे न बघता त्याच्या मनगटाकडे बघायचे. हात आपोआप मागे यायचा. सासूबाई स्वभावानं तशा गरीब, म्हणजे जावयाला टोचून बोलायचं काम त्या नवऱ्यावर आणि मुलावर सोपवून मोकळ्या झालेल्या. आणि मुलगा, म्हणजे जावयाचा मेहुणा, त्याचं त्याच आवारात गॅरेज होतं. धाकट्या बहिणीला तो बेबी म्हणायचा आणि बेबीच्या नवऱ्याला अजून काही म्हणत नव्हता. योग्य शब्द सापडला नव्हता एवढंच.

तो शब्द गाडीनं आणला.

जावयानं होतं नव्हतं ते विकून एक जुनी हायब्रिड घेतली. पेट्रोलवरही चालते, विजेवरही चालते, ती. भाडी मारायची आणि पायावर उभं राहायचं असा विचार. गाडी वापरलेली होती. वापरलेली म्हणजे किती, तर किलोमीटरचे सगळे आकडे नवावर येऊन थकले होते. पुढे आकडाच नव्हता. गाडी पळायची, आकडा जागेवर. ड्रायव्हरच्या सीटला आधीच्या मालकाच्या बुडाचा असा पक्का साचा पडलेला की जावई महिनाभर तिच्यात बसला आणि त्या अनोळखी माणसासारखा डावा पाय ओढत चालायला लागला. स्टेअरिंगवर त्या मालकाच्या तळहाताच्या रेषा उमटल्या होत्या. एका हात बघणाऱ्या गिऱ्हाइकानं भाड्याऐवजी त्या वाचून दाखवल्या आणि म्हणाला, "या माणसाच्या नशिबी प्रवास फार आहे, पण घर दिसत नाही."

"हे जरा जास्तच झालं," कॅशियरबाई म्हणताहेत. बाई, ही तर नुसती फोडणी आहे.

तर या गाड्यांचं एक आहे. बटण दाबलं की घरघर नाही, थरथर नाही. समोरच्या काचेखाली फक्त एक हिरवा शब्द उजळतो: रेडी. म्हणजे मी तयार आहे, चला. पहिल्या दिवशी जावयानं मोठ्या हौसेनं सासऱ्यांना शेजारी बसवलं आणि बटण दाबलं. सासऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकून तो हिरवा शब्द वाचला. मग जावयाकडे पाहिलं. मग परत शब्दाकडे.

"रेडी," सासरे म्हणाले. "म्हशीच्या पोरीचं नाव ठेवलंय होय गाडीला. बरं, गाडी रेडी. मग चालवणारा कोण?"

मेहुणा बाहेर हात पुसत उभा होता. त्याला तेवढं पुरलं.

"रेडा," तो म्हणाला.

नाव पडलं ते पडलंच. आवारात गॅरेजची गिऱ्हाइकं त्याला रेडा म्हणायला लागली, दूधवाला म्हणायला लागला. सासूबाईंचा मात्र एक नियम होता, जावयाला अरेतुरे करायचं नाही. त्या आदरानं म्हणायच्या, "रेडेबुवा, ताट वाढलंय, या." बायकोही त्या पहिल्या दिवशी हसली. तोंडावर हात ठेवून हसली. हात ठेवला होता, हे जावयानं तिच्या बाजूनं धरलं.

त्यानं मनात एकच गोष्ट पक्की केली: ही गाडी नीट ठेवायची आणि इथून निघायचं. नुसतं निघायचं नाही, कुठे जायचं हेही ठरलं होतं. दूरच्या एका शहरात मोठं इस्पितळ होतं. रुग्णांना घरून आणायचं, पोचवायचं, यासाठी ते स्वतःची गाडी असलेले ड्रायव्हर ठेवत, आणि आवारात राहायला दोन खोल्या देत. जावई तिथे जाऊन भेटून आला होता. साहेब म्हणाले होते, "जागा निघाली की फोन करू. मात्र गाडी स्वतःच्या चाकांनी इथपर्यंत आली पाहिजे, आणि आमच्या माणसानं तपासून पास केली पाहिजे. टो करून आणलीत तर तसेच परत जा."

मग काय, जावयानं गाडी तळहातावरच्या फोडासारखी जपली. तेल वेळेआधी बदलायचा. ब्रेक असे हळू दाबायचा की चाकांची गती परत बॅटरीत जावी. मागे बसलेल्या बाईच्या मांडीवरचा पाण्याचा पेला भरलेला असला तरी डुचमळायचा नाही. या गाड्यांत मागच्या सीटच्या पाठीशी मोठी बॅटरी असते आणि तिला गार ठेवायला एक पंखा. सीटच्या कडेला जाळी असते, तिथून तो हवा ओढतो. जाळी तुंबली की पंखा धापा टाकतो, पंख्यानं धापा टाकल्या की बॅटरी तापते, आणि बॅटरी तापली की समजा तिचं आयुष्य वितळलं. जावई दर रविवारी जाळी काढून बायकोच्या जुन्या टूथब्रशनं घासायचा. एकदा त्यातून इतके केस निघाले की मांजर बेपत्ता झालेल्या शेजारणीला त्यानं विचारून घेतलं.

जाळीजवळ त्यानं पाटी लावली: इथे सामान ठेवू नये, गाडीला श्वास घ्यायचा आहे. सगळ्या गिऱ्हाइकांनी पाटी पाळली. सासूबाईंनी नाही. त्या नेमक्या त्याच बाजूला बसायच्या आणि जाळीवर शाल पसरून टेकायच्या.

"सासूबाई, तेवढी शाल जरा अलीकडे..."

"घ्या. आता माझ्या शालीनं पण यांची गाडी अडते."

"तसं नाही, बॅटरीला वारा..."

"मला संधिवात आहे, रेडेबुवा. मला वारा नको असतो, आणि तुमच्या बॅटरीला हवा असतो. आता कुणाचं ऐकायचं ते तुम्हीच ठरवा." सासरे पुढच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघायचे, पण त्यांचे खांदे हलायचे.

शाल काही हलली नाही. मग एके दिवशी चढावर काचेखाली लाल त्रिकोण पेटला. गाडीनं जीव सोडल्यासारखा वेग सोडला. कशीबशी घरी आणली, मेहुण्याच्या गॅरेजात लावली.

शिंपीदादा विचारताहेत, बॅटरी म्हणजे एकच डबा ना? नाही. आत पुस्तकांसारखे एकाला एक लावलेले सेल असतात, तांब्याच्या पट्ट्यांनी जोडलेले. त्यातला एक जरी ढिला पडला तरी बाकीच्यांना खाली ओढतो. मेहुण्यानं हे सगळं आवारात उभं राहून समजावलं, चार गिऱ्हाइकं आणि वडील ऐकताहेत याची खात्री करून.

"एक सेल निकामी आहे. तो स्वतः काही देत नाही, वर दुसऱ्यांचं खातो. त्याच्यापायी सगळ्यांना ताण." आणि मग जावयाच्या खांद्यावर हात ठेवून, "घरात पण असतो एखादा. पण घरातला काढून टाकता येत नाही, बहीण दिलेली असते."

आवार हसलं. जावईसुद्धा थोडा हसला; न हसता उभं राहणं त्याहून वाईट दिसलं असतं.

"तू बाहेर थांब," मेहुणा म्हणाला. "आत उच्च दाबाची वीज आहे. कोळसा झालास तर बेबी माझ्या गळ्यात."

"दादा, किती होतील?"

"घरचंच काम. पैशाचं बोलू नकोस, मला लाज वाटते. त्यापेक्षा त्या गाड्या धुवायच्या पडल्यात तेवढ्या धू."

जावयानं त्या दिवशी गाड्या धुतल्या, आणि त्या दिवशी धुतल्या म्हणून दुसऱ्या दिवशीही धुतल्या. बादली त्याची झाली. ती आधी गॅरेजची होती. पुढे कुणी बादली म्हटलं की बघणारे आधी जावयाकडे बघायला लागले.

सेल बदलला. गाडी महिना-दोन महिने बरी चालली आणि त्रिकोण पुन्हा पेटला. पुन्हा गॅरेज, पुन्हा खांद्यावर हात, पुन्हा बादली. गंमत अशी की प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी आधीपेक्षा थोडी जास्त थकलेली परत यायची. विजेवर निम्मा रस्ता जाणारी गाडी कोपऱ्यावरच पेट्रोल मागायला लागली. ती इतकी थकायची की सिग्नलला उभी असताना शेजारची सायकल तिला टेकू द्यायची. जावई रविवारी जाळी घासायचा, पंख्याला कान लावायचा आणि स्वतःलाच विचारायचा, आपलं काय चुकतंय. आपण चुकतोय हेच त्याला घरात रोज शिकवलं जात होतं, त्यामुळे दुसरा विचार डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

"दुसऱ्या गॅरेजात न्यायची," असं शिंपीदादांचं म्हणणं. नेली होती. म्हणजे न्यायला निघाला होता. सासरे फाटकात खुर्ची टाकून बसले आणि एवढंच म्हणाले, "जा. घरचा हात सोडून बाहेर तोंड घालायला जा. बेबीला मी सांगतो, तिच्या भावावर तिच्या नवऱ्याचा विश्वास नाही." जावयानं गाडी मागे घेतली. या गाड्या मागे जाताना पिकपिक वाजतात. ते पिकपिक सासऱ्यांना इतकं आवडलं की पुढे आठवडाभर जावई खोलीत निघाला की ते तोंडानं तसा आवाज काढायचे.

म्हणून मग एका दुपारी घरचे सगळे लग्नाला गेलेले बघून जावयानं स्वतःच हिंमत केली. नारिंगी रंगाचा सुरक्षेचा खटका असतो तो ओढून काढला, रबरी हातमोजे घातले, घटकाभर थांबला आणि बॅटरी उघडली. तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या, त्या घासून लखलखीत केल्या. पट्ट्या काढल्यावर सेल मागेपुढे होऊ नयेत म्हणून प्रत्येक सेलच्या डोक्यावर त्यानं बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका दिला. डाळिंबी रंग. बायकोनं तो कधीतरी घेतला होता आणि आईला भडक वाटला म्हणून वापरायचा सोडला होता. ती लग्नाहून आल्यावर जावयानं तिला सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलंत, बाटली तशीही वाळून गेली असती."

पट्ट्या घासल्यावर गाडी सुधारली. बरीच सुधारली. सासऱ्यांनी ती कोपऱ्यापर्यंत आवाज न करता जाताना पाहिली, आणि दुसऱ्याच दिवशी मेहुणा म्हणाला, "आण बघू गाडी, एकदा सर्व्हिस करून टाकू. घरचंच काम."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी इस्पितळातून फोन आला. जागा निघालीय, सोमवारी गाडी घेऊन या.

जावयानं ही गोष्ट एका माणसालाच सांगितली. निम्म्या उघडणाऱ्या दारामागे, बरण्यांखाली बसून बायकोला सांगितली. दोन खोल्या कशा आहेत, इस्पितळाचं कँटीन कुठे आहे, तिला हवं तर तिथे नोंदणीच्या खिडकीवर काम कसं मिळू शकेल. बायको नखाशी खेळत होती. मग म्हणाली, "मी रेडी आहे."

त्या घरात हा शब्द त्याला टोचण्यापलीकडे कशालाच वापरला गेला नव्हता. तिच्या तोंडून तो सरळ आला. जावई उठून बाहेर गेला आणि गाडीची काच पुसत बसला, पुसलेलीच होती तरी.

आता आठवड्याच्या अखेरीची गोष्ट. गॅरेजात दातांच्या एका डॉक्टरीणबाईंची गाडी आली होती. हायब्रिडच, याच्याच गाडीची बहीण. जावई तिची पायपुसणी धूत होता. टेबलावर तिची बॅटरी उघडी पडली होती. त्यानं सहज मान वर केली, आणि त्याला डाळिंबी ठिपके दिसले.

एक नाही. रांगच्या रांग.

जावई ओल्या हातांनी टेबलाजवळ गेला. त्यानं एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

"दादा, हे माझे सेल आहेत."

मेहुण्यानं पाना खाली ठेवलासुद्धा नाही. "तुझेच आहेत."

"पण ते निकामी झाले होते ना?"

"निकामी सेल मी डॉक्टरणीला घालीन? चांगले होते म्हणून काढले. वाईट कोण काढतं, रेड्या?"

"आणि माझ्या गाडीत काय घातलंत?"

"तिच्यातले. तिच्याआधी त्या शिकवणीवाल्या मास्तरांच्या गाडीतले, त्याआधी आणखी कुणाचे. वाया काही घालवत नाही मी." मग त्याला खरोखरच जावयाची समजूत घालावीशी वाटली. "हे बघ, बाहेरच्या माणसाची गाडी रस्त्यात बंद पडली तर तो माझ्या नावानं शंख करतो. तुझी बंद पडली तर तू ढकलत घरी येतोस. मग कमकुवत माल कुणाच्या गाडीत घालायचा, तूच सांग."

सासरे दारात उभे होते. ते म्हणाले, "उत्तर द्या जावईबापू. प्रश्न चोख आहे."

जावयाकडे उत्तर होतं, पण ते त्या आवारात ठेवायला जागा नव्हती. तो खोलीत गेला, सरळच गेला, आणि बायकोला म्हणाला, "सोमवारपर्यंत ही गाडी शहर गाठणार नाही. तुझ्या भावानं तिला पोखरलीय."

बायकोनं त्याचा हात हातात घेतला, जे तिनं बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं. "मी दादाशी बोलते," ती म्हणाली. "तो माझं ऐकतो. तुमचे सगळे सेल तो परत घालेल, उरलेले चांगले बघून घालेल. गाडी उद्या त्याच्याकडे सोडा, सोमवारी सकाळी घ्या. मी सांगितलं म्हणजे झालं."

"झालं?"

"माझ्यावर विश्वास नाही का?"

आता तुम्ही दोघं एकमेकांकडे बघताय. बघा. पण तुम्हाला कुणी इतक्या दिवसांनी हात हातात घेऊन विचारलं असतं तर तुम्हीही गाडीची किल्ली काढून दिली असती. त्यानं दिली.

सोमवारी सकाळी जावई लवकर अंघोळ करून बाहेर आला तर आवारात सगळं घर जमलेलं. सासरे इस्त्रीच्या शर्टात, खुर्चीवर. सासूबाई दुसऱ्या खुर्चीवर, शाल घेऊन. मेहुणा गॅरेजच्या दाराला टेकून. आणि गाडी मधोमध उभी, अशी धुतलेली-पुसलेली की तिच्या दारात जावयाला स्वतःचा चेहरा दिसला. त्याला वाटलं, निरोप द्यायला उभे राहिलेत. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या मनात आलं की आपण या माणसांना उगाच वाईट समजत होतो. त्यानं वाकून दोघांना नमस्कार केला. सासऱ्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि थोपटलं, जनावराला थोपटतात तसं.

त्यानं स्वतःची बॅग उचलली. मग बायकोची उचलली. बायकोची फारच हलकी लागली. तिचं चार वर्षांचं सामान त्यात आहे म्हणावं तर ती बॅग एका बोटावर तोलत होती. त्यानं चेन उघडली. आत जुनी वर्तमानपत्रं, नीट चुरगळून भरलेली.

बायको घरातल्या चपला घालून पायरीवर उभी होती.

"रिकामी ठेवली असती तर तुम्हाला काल खोलीतच कळलं असतं," ती म्हणाली.

जावयानं गाडीचं मागचं दार उघडलं, तळाचा गालिचा उचलला. सीटमागे जिथे बॅटरी असते तिथे स्वच्छ झाडलेली पोकळी होती. सेल नव्हते, पंखा नव्हता. नारिंगी तारांची दोन टोकं होती, काळजीपूर्वक टेप गुंडाळलेली.

"टेप लावलीय बघ," मेहुणा म्हणाला. "शॉक बसू नये म्हणून. आपल्या माणसाची काळजी घ्यावी लागते." त्याच्यामागे, गॅरेजच्या टेबलावर, अख्खी बॅटरी चादर पांघरून झोपली होती.

"तू सांगितलंस त्याला?" जावयानं बायकोला विचारलं.

"मीच सांगितलं. तिथे जाऊन मी काय करू? दोन खोल्यांत दिवसभर तुमचं तोंड बघत बसू? इथे आई आहे, दादा आहे. तुम्हालाही इथे काय कमी आहे. थोडं बोलतात, त्यात काय, सगळीकडे बोलतात." मग तिचा आवाज जरा मऊ झाला, आणि ते सगळ्यात वाईट होतं. "तुम्ही मनाला फार लावून घेता."

"दावं बारीक असलं तरी चालतं," सासरे कुणालाच उद्देशून म्हणाले. "जनावर ओळखीचं असलं म्हणजे झालं."

सासूबाई म्हणाल्या, "ऊन व्हायच्या आत आवरा बाई, मला बसवत नाही."

मेहुण्यानं पायानं बादली पुढे सरकवली. "सोमवार आहे. धुवायच्या गाड्या लाइनीत उभ्या आहेत."

सगळे जावयाच्या हातांकडे बघत होते. आणि इथून पुढे, मंडळी, जे झालं ते मी म्हटलं होतं तसं कुणालाही पटत नाही.

जावयानं बादलीकडे पाहिलं. तिच्यात वाकून स्वतःचा चेहरा पाहिला, भांग ठीक केला, आणि बादली सासऱ्यांच्या मांडीवर ठेवून दिली, भरलेली. मग तो शांतपणे गाडीत बसला. दार लावलं, आरसा सारखा केला. मेहुणा हसता हसता गुडघ्यांवर वाकला. जावयानं बटण दाबलं.

हिरवा शब्द उजळला. रेडी.

हूं की चूं नाही. गाडी नुसती जागेवरून सरकली, लोण्यातून सुरी सरकावी तशी. आवाज नसल्यानं कुणाला आधी कळलंच नाही. मेहुण्याला वाटलं आपलंच गॅरेज मागे चाललंय, आणि तो धरायला गेला तो ऑइलच्या पिंपात. बंपरच्या कोपऱ्यात सासऱ्यांच्या खुर्चीचा पाय अडकला होता, त्यामुळे सासरे मांडीवर बादली घेऊन चौकापर्यंत गाडीबरोबर गेले, आणि चौकातल्या पोलिसाला वाटलं कुणी पाहुणे आलेत, त्यानं सलाम ठोकला. बायको चपला हातात घेऊन धावत होती. "थांबा, मी खरंच येते," म्हणत होती. जावयानं आरशात पाहिलं, हात हलवला, आणि आरसाच फिरवला.

शहर यायच्या आत एकदाही त्रिकोण पेटला नाही. घाट होता, तो गाडीनं विजेवर काढला. इस्पितळाचा तपासणीस गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "असली गाडी मी पाहिली नाही," आणि त्यानं...

"आजोबा," कॅशियरबाई म्हणाल्या, "बॅटरी टेबलावर होती ना?"

होती. पण आवाराला थोडा उतार होता.

"उतारावर गाडी घरंगळते, रेडी उजळत नाही. माझीही हायब्रिडच आहे, ती बघा लिफ्टवर. या गाड्यांना वेगळा स्टार्टर नसतो. मोठी बॅटरी काढली की पेट्रोलचं इंजिनसुद्धा फिरत नाही, टाकी गळ्यापर्यंत भरलेली असली तरी." त्यांनी पर्स मांडीवरून बाकावर ठेवली आणि माझ्या पायाशी असलेल्या बादलीकडे पाहिलं. "तो शहरात गेला नाही, चौकातही गेला नाही. त्यानं बादली उचलली, आजोबा."